बिऱ्हाड हलवण्याचा हिशेब

मोठी फाइल उघडताना संगणक अडखळला की आपण यंत्राला बोल लावतो आणि नव्या यंत्राच्या किमती विचारू लागतो. पुष्कळदा खोट असते ती प्रोग्राममधल्या सामानाच्या वाहतुकीत.

प्रोग्राम आपली माहिती मेमरीतल्या एका सलग जागेत ठेवतो. तिला बफर म्हणतात. ती भरली आणि शेजारची जागा दुसऱ्या कुणी अडवलेली असली, की मोठी जागा शोधायची, सगळं सामान तिकडे न्यायचं, जुनी जागा सोडायची. सी भाषेत हे काम 'रिॲलॉक' करतं. समजा, १ मेगाबाइटपासून सुरुवात केली, दर वेळी एकेक मेगाबाइट वाढवला आणि दर वेळी बिऱ्हाड हलवावं लागलं. १,००० मेगाबाइटपर्यंत पोचताना १ अधिक २ अधिक ३ असं करत ९९९ पर्यंत, म्हणजे ४ लाख ९९ हजार ५०० मेगाबाइट सामान वाहिलं जाईल! तेच जागा दर वेळी दुप्पट केली, तर १,०२४ मेगाबाइटपर्यंत जाताना वाहतूक होते अवघी १,०२३ मेगाबाइटची. यंत्र तेच, मेमरी तीच.

दुप्पट करण्यात उधळपट्टी आहेच. निम्मी जागा रिकामी पडून राहू शकते. शिवाय हलवाहलव चालू असताना जुनी आणि नवी अशा दोन्ही जागा अडतात, हे विसरलं जातं. जावाची 'ॲरेलिस्ट' दीडपटीनं वाढते. मला तो बेत अधिक संसारी वाटतो.

लिनक्समध्ये तर सामान न उचलता घर बदलता येतं. प्रोग्रामला दिसणारे पत्ते खरे नसतातच. कुठल्या पत्त्यामागे खरी जागा कोणती, याची वही कार्यप्रणाली ठेवते. बहुतेक संगणकांवर ४ किलोबाइटच्या एकेका पानाला एक नोंद. 'एमरीमॅप'ला सांगितलं की वहीतल्या नोंदी बदलतात, सामान जागच्या जागी राहतं. लिनक्सवरचं नेहमीचं रिॲलॉक खूप मोठ्या बफरसाठी हीच युक्ती वापरतं. सी प्लस प्लसच्या 'व्हेक्टर'च्या नशिबी ती नाही. तो नवी जागा घेऊन एकेक वस्तू तिकडे नेतो.

पण डिस्कवरची फाइल वाचायची असेल, तर तिचा आकार कार्यप्रणालीला आधीच विचारता येतो. तेवढी जागा सुरुवातीलाच मागून घेतली, तर मग बिऱ्हाड हलवायचं कशाला? व्हेक्टरमध्ये त्यासाठी 'रिझर्व्ह' आहे. लिहायला एक ओळ पुरते.