वराहगृह आणि वराहस्वभाव
(ज्ञातिमंडळाच्या हेंद्रेपाडा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कित्येक घरांत वराहपालन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि त्यापायी लोकांनी मुरडलेली नाके आपण सर्वांनी पाहिली आहेत. डुक्कर घाणेरडे, म्हणून ते पाळणाराही घाणेरडा, असा हा न्याय! यातील पूर्वार्ध तेवढा आम्ही आज तपासू इच्छितो. उत्तरार्ध मग आपोआप ढासळेल.

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी ते चिखल शोधते, आणि तो न मिळाल्यास स्वतःच्या मलमूत्रात लोळते. मोकळी जागा व सावली दिली, तर हेच जनावर निजण्याची जागा कोरडी राखून दूर कोपऱ्यात मलविसर्जन करते. तेव्हा दोष जनावराचा की घराचा?

एडिंबरो विद्यापीठातील स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी पाळीव डुकरे झाडाझुडपांच्या आवारात सोडून पाहिली. त्यांचा वृत्तांत 1989 साली प्रसिद्ध झाला. ती डुकरे दिवसाचा बराच काळ माती उकरण्यात व चरण्यात घालवीत, आणि विण्यापूर्वी मादी कळपापासून दूर जाऊन गवतकाड्यांचे घरटे रचीत असे. पिढ्या बंदिस्तीत गेल्या, तरी रानडुकराचा हा वारसा पुसला गेला नव्हता. अशाच मादीला अरुंद पिंजऱ्यात उभी करा. वळताही येत नाही, म्हणून ती लोखंडी गज चावीत राहते. उघड्या फरशीवर दाटीने कोंडलेली पिले एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. मग पालक शेपट्याच छाटतो. हा तर रोग्यावरच उगवलेला सूड झाला! युरोपीय संघात 2013 पासून गाभण माद्यांना बहुतेक काळ कळपात ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचे 11 वे कलम, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणे गुन्हा मानते.

शहरात मोकाट डुकरे आता कोणी चालू देत नाही, आणि ते योग्यच आहे. आपली काही तरुण मंडळी कर्ज काढून सिमेंटचे वाडे बांधू पाहत आहेत. त्यांना आमची विनंती एवढीच, की कर्जाचा आकडा मांडताना जनावराचा स्वभावही हिशेबात धरावा. भाताचा पेंढा रोज थोडा टाकावा. उकरण्यास काम मिळते, शेपट्या वाचतात. वैशाखात पाण्याचा शिडकावा वा उथळ हौद असावा. नवजात पिलांना मात्र ऊब हवी. त्यांना निराळा कोपरा, आणि आई अंगावर पडू नये म्हणून भिंतीलगत आडवा दांडा ठेवावा. जोते उंच घ्यावे. 2005 च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी कोठवर चढले होते, हे येथील वडीलधाऱ्यांना विचारून मगच पाया आखावा.