सुई टोचली? सकाळची वाट बघू नका

एरवी आपण इथे ॲप आणि कोडबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, आणि माझ्या घरातला आहे.

माझी धाकटी बहीण स्टाफ नर्स आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता तिचा फोन आला. "दादा, पेशंटचं रक्त काढल्यावर सुईला झाकण लावत होते. सुई बोटात गेली."

"कधी?"

"बारा वाजता."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सकाळी ड्यूटी संपली की सांगते. इनचार्ज सिस्टर ओरडतील."

अडीच तास ती एकटीच घाबरत बसली होती. मला औषधातलं काही कळत नाही. पण सर्व्हर बंद पडला की लपवायचं नाही, हे आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हटलं, "ओरडू देत. आत्ता कॅज्युअल्टीत जा." ती गेली. डॉक्टरांनी लगेच पहिली गोळी दिली.

त्यानंतर मी जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगतो.

सुई टोचली की जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच चोळू नका. मग लगेच डॉक्टरांना सांगा आणि नोंद करून घ्या.

एचआयव्ही टाळण्याच्या औषधाला पीईपी म्हणतात. पहिला डोस शक्यतो २ तासांत, आणि कितीही उशीर झाला तरी ७२ तासांच्या आत घ्यायचा असतो. रिपोर्टसाठी थांबायचं नाही. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर औषध बंद करू शकतात. नाहीतर कोर्स २८ दिवसांचा, एकही दिवस न चुकवता.

आता भीतीबद्दल. पेशंटला एचआयव्ही असला, तरी एका टोचण्याने लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हेपटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. आणि आपण घाबरतो फक्त एचआयव्हीला! हेपटायटिस बीची लस आहे, तीन डोसची: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. हॉस्पिटलमध्ये किंवा लॅबमध्ये काम करत असाल, सफाईचं काम असेल, तर आधीच घेऊन ठेवा. हेपटायटिस सीला लस नाही, पण वेळेवर कळला तर गोळ्यांनी बरा होतो. म्हणून डॉक्टर देतील त्या तारखांना तपासण्या करायच्याच.

बहिणीने २८ दिवस गोळ्या घेतल्या. मळमळ व्हायची, जेवण जायचं नाही. आई विचारायची, "एवढी कसली ॲसिडिटी?" पेशंट कोण, त्याचा रिपोर्ट काय, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ते बरोबरच आहे. शेवटची तपासणी झाली तेव्हा तिचा दोनच शब्दांचा मेसेज आला: "दादा, निगेटिव्ह."

आता ती सुईला परत झाकण लावत नाही. वापरलेली सुई थेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. तुमच्या घरी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर सुई कचऱ्याच्या पिशवीत मोकळी टाकू नका. ती पिशवी कुणीतरी हाताने उचलतं.

कुठे जायचं कळत नसेल, तर जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीबद्दल माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि तुमची बहीण, मैत्रीण, शेजारी या कामात असेल, तर आजच विचारा: "हेपटायटिसची लस घेतलीस का?"

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.