साखर, मन आणि डॉ. केटन



मधुमेह आणि नैराश्य या दोन दुखण्यांकडे एकत्र पाहणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञाच्या शोधनिबंधांविषयी आज बोलायचं आहे. डॉ. वेन केटन हे त्यांचं नाव. अमेरिकेत सिॲटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते होते. २०१५ साली ते वारले. शोधनिबंध म्हटल्यावर तुम्ही रेडिओचा कान पिळाल अशी मला धास्ती आहे. पण ज्यांच्या घरात शुगरच्या गोळ्यांची पट्टी रोज फुटते, त्यांनी थोडा वेळ थांबावं.

दुःखाचा आणि मधुमेहाचा काही संबंध आहे, हा संशय जुना आहे. सतराव्या शतकातला इंग्लंडचा थॉमस विलिस हा वैद्य. मधुमेह्याची लघवी गोड असते हे लिहून ठेवणारा. त्यानंच या रोगाच्या कारणांत दीर्घ शोकही धरला होता. पुढे डॉक्टरी विद्येनं माणसाचे वाटे केले. स्वादुपिंड एका तज्ज्ञाकडे गेलं, मन दुसऱ्याकडे, आणि दोघांचे दवाखानेही वेगळ्या इमारतींत गेले. २००१ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र मांडले गेले, तेव्हा दिसलं की मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आहे.

आता असा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, कशात लक्ष लागत नाही. डॉक्टरही म्हणतात, साखर वाढली की असं व्हायचंच. ते खोटं नसतं, म्हणूनच फसवं असतं. थकवा, झोप, भूक ही लक्षणं दोन्ही दुखण्यांत सारखीच.

केटन आणि त्यांचे सहकारी पॉल चिहानोव्स्की यांनी २००० साली ३६७ मधुमेही रुग्णांची पाहणी छापली. ज्यांची उदासी जास्त, त्यांचं पथ्य जास्त मोडत होतं आणि गोळ्याही जास्त चुकत होत्या. यात आश्चर्य कसलं, असं कुणी म्हणेल. मधुमेहाचं निम्मं औषध रुग्णाच्या हातात असतं. वेळेवर जेवणं, चालायला जाणं, पाय तपासणं, इन्शुलिन टोचून घेणं. आणि उदासी आधी नेमका तोच हात धरते. २००५ साली त्यांनी ४,१५४ रुग्णांची तीन वर्षांची हकिगत मांडली. वय, शिक्षण यांसारख्या गोष्टींचा हिशेब वजा करूनही, तीव्र नैराश्य असलेल्या मधुमेह्यांत मृत्यूचा धोका २.३ पट होता. ‘मनाचं काय एवढं घेऊन बसलात’ म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवावा.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००४ सालचा निबंध, आणि तो एका अर्थी फसलेल्या प्रयोगाचा आहे. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले ३२९ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांसाठी नर्स नेमली. ती फोन करायची, भेटायची, नैराश्याच्या गोळ्या लागू पडतायत का ते पाहायची, किंवा रोजच्या अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या ते शिकवायची. सरळ अपेक्षा अशी, की मन उभारी धरेल, माणूस पथ्य पाळेल आणि साखर आपोआप खाली येईल. मन सुधारलं. साखर मात्र हलली नाही. तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी असते, एचबीएवनसी, तिच्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

केटन यांनी हे जसंच्या तसं छापलं. संशोधनात असा निकाल कपाटात ठेवून देण्याचा मोह फार असतो. त्यांनी तो टाळला आणि प्रयोगाचा आराखडाच बदलला. मन सुधारल्यावर साखर आपोआप उतरत नसेल, तर मग नर्सनं दोन्हींकडे एकाच वेळी का पाहू नये?

या नव्या प्रयोगाचा निकाल डिसेंबर २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वॉशिंग्टन राज्यातले १४ दवाखाने, २१४ रुग्ण. मधुमेह किंवा हृदयविकार किंवा दोन्ही, ताब्यात नसलेले, आणि सोबत नैराश्य. इथली नर्स एकाच बैठकीत रुग्णाची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल विचारी आणि मनाची विचारपूसही करी. दर आठवड्याला ती मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्यासमोर बसे. कोणाचा आकडा अडलाय, कोणाची उदासी हटत नाही, ते सांगे, आणि औषध बदलायचं का ते तिथंच ठरे. तो निरोप रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाई. वर्षानंतर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाच्या तुलनेत एचबीएवनसी ०.५८ नं कमी, वरचा रक्तदाब पाच अंकांनी कमी, वाईट कोलेस्टेरॉल कमी आणि उदासीही कमी.

हे कशानं झालं? निबंधात एक तपशील आहे. नर्स असलेल्या गटात इन्शुलिनचे, रक्तदाबाच्या औषधांचे आणि नैराश्याच्या गोळ्यांचे डोस कितीतरी जास्त वेळा बदलले गेले होते. आपल्याकडे साखर वाढली की पहिला आरोप रुग्णावर. गोड खाल्लंस ना? लग्नाला गेला होतास ना? पण तीच गोळी, तोच डोस, ‘तीन महिन्यांनी या’, असं वर्षभर चालतं, त्यातला डॉक्टरांचा वाटा कोणी मोजत नाही. केटन यांच्या प्रयोगात तो मोजला गेला.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याकडे कुठून आणायच्या इतक्या नर्स, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर २०२० साली ‘जामा’ या नियतकालिकात आलं. संशोधक मोहम्मद अली, चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन, दिल्लीचे डॉ. निखिल टंडन आणि केटन यांच्याच विद्यापीठातल्या लिडिया च्वॅस्टियाक अशी ती मंडळी. दिल्ली, चेन्नई, बंगळूरु, विशाखापट्टणम इथली चार केंद्रं, ४०४ रुग्ण. काम डॉक्टर नसलेल्या समन्वयकांकडे, आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञांची बैठक. उदासी निम्म्यानं उतरली आणि जोडीला साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांतलं निदान एक ठरल्याइतकं खाली आलं, असे रुग्ण समन्वयकांच्या गटात ७१.६ टक्के निघाले, नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के. समन्वयकाचं काम वर्षभराचंच होतं. ही मोजणी दोन वर्षांनंतरची आहे, म्हणजे फायदा पुढेही टिकला.

गोव्याचा दाखलाही द्यायलाच हवा. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेनं तिथल्या २४ दवाखान्यांपैकी निम्म्यांत, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केलं. हा निकालही २०१० चाच. तो मधुमेहाचा नव्हता, नैराश्य आणि चिंतेचा होता. सरकारी केंद्रांत त्यातून जास्त रुग्ण बरे झाले. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. वैद्यकीय पदवीवाचून हे काम होतं, एवढं त्यातून कळलं.

आणि आपल्या गावात? आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म भरतात, तो कधी नीट पाहा. कमरेचा घेर, तंबाखू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह आहे का, हे सगळं त्यात आहेच. त्याच फॉर्मवर शेवटी मनाचेही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतं का. उत्तरांचे गुण तीनच्या वर गेले, तर आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. आशाताईंनी हे दोन प्रश्न विचारले, तर ‘छे, तसलं काही नाही’ म्हणून उडवून लावू नका. आणि त्यांनी घाईत गाळले, तर आपण होऊन सांगा. फोनवर बोलणं सोपं वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. क्रमांक १४४१६.