मगनवाडीतला ख्रिस्ती

सावंगी (मेघे)च्या रुग्णालयाला विनोबांचं नाव आहे. ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे पुस्तकही याच विनोबांचं, केसपेपरच्या रांगेतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? पण आज बोलायचंय ते जवळच वर्ध्यात, मगनवाडीत राहिलेल्या जे. सी. कुमारप्पांबद्दल.

जन्म १८९२ चा, तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. लंडनला हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले आणि पुढे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा घेऊन वर्ध्याला आले.

देव कुणी पाहिलेला नाही, हे बायबललाही मान्य आहे. माणसं एकमेकांवर प्रेम करतात तिथं तो असतो, असं योहानाच्या पत्रात म्हटलंय. कुमारप्पांनी हे प्रेम थेट ताटात तपासलं. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळातून कोंडा जातो, कोंड्याबरोबर ब जीवनसत्त्व जातं, वर कांडणारणीची मजुरीही बुडते. असा भात वाढून घेऊन रोजच्या भाकरीची प्रार्थना म्हणायची, ती कोणत्या तोंडानं? मला तरी हा प्रश्न कित्येक प्रवचनांपेक्षा झणझणीत वाटतो. मगनवाडीत मग हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, हातकागद असे उद्योग चालले.

माणूस तसा तिखटच. १९३० च्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी चर्चच्या वरिष्ठांशीही वाद घातला. येशूच्या आचार-विचारांवरचं पुस्तक लिहिलं, तेही तुरुंगात बसून.

गांधीजींनी १९३८ मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. सावंगीला नातलगाला भेटायला आलात, तर तिकडेही चक्कर मारा.