पंचनाम्यात न दिसणारी माणसं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापूरच्या शिवारात शिरलं आणि उसाचे फड बुडाले. पाणी ओसरल्यावर पिकांचे पंचनामे झाले. पण पिकाची मदत चालते सातबाऱ्यावर. त्या फडात भांगलणीला जाणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कुठून असणार? मालकाचं पीक गेलं, तसा तिचा रोज बुडाला; तो लिहायला पिकाच्या पंचनाम्यात रकाना नाही.

१९७२ च्या दुष्काळात कामावर येणाऱ्याला जमिनीचा उतारा लागत नव्हता. खडी फोडील त्याला मजुरी. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यामागे हा अनुभव होता. अर्थात, जिच्या हातात घण उचलायचं बळ नाही, त्या म्हातारीला खडीचा काय उपयोग?

हवामानाचा नेम राहिलेला नाही. तेव्हा समाजकार्यकर्त्याला नुसतं अर्ज भरायला शिकवून भागणार नाही. वैशाखातच वाडीवाडीत हिंडून त्यानं टिपायला शिकावं : मजुरीवर कोण जगतं, निराधार कोण, शिधापत्रिका कोणाकडे नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज पूर आल्यावर लिहायला घेतला, तर दाखले गोळा करण्यातच दिवस जायचे. शिवाय कागद भिजलेले!

आणि गुरुजी, पाऊस लांबला की कोणत्या घरचं पोर आधी शाळेत यायचं थांबतं, हे महसुली दप्तरात नसतं. तुमच्या हजेरीपटात असतं. कार्यकर्ता शाळेत आला, तर त्याच्याबरोबर बसून तो पट एकदा वाचा.