‘नकार’ या एका शब्दाची गोष्ट
(मुळशी तालुक्यातील युवा शिबिरात केलेले भाषण)



सार्वजनिक आरोग्य शिकतो म्हटलं की लोक विचारतात, “म्हणजे डॉक्टर होणार का?” नाही. डॉक्टर समोर आलेल्या रुग्णाकडे बघतो. आम्हाला शिकवतात ते न आलेल्याकडे बघायला.

या अभ्यासक्रमाचे मुख्य विषय पाच. रोग कुठे, कुणाला, का होतो, हे साथरोगशास्त्र सांगतं. मग संख्याशास्त्र, पर्यावरण व आरोग्य, आणि आरोग्यसेवेचं धोरण व व्यवस्थापन. पाचवा विषय, माणसं कशी वागतात आणि का. मला वाटायचं, हा सगळ्यात सोपा.

विद्यार्थी असताना पिरंगुटच्या कारखान्यांजवळच्या एका चाळीत मी लसीकरणाची पाहणी करत होतो. एका घरातल्या बाळाला गोवराची लस दिलेली नव्हती. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘नकार’. नाव मुसलमान होतं, त्यामुळे मलाही ते कारण पटकन पटलं. मी स्वतः मुसलमान असूनही!

सोबतच्या आशाताई म्हणाल्या, “अहो, तिला विचारा तरी.” विचारलं. दीड महिन्याच्या लसीनंतर बाळ रात्रभर तापलं होतं. असा ताप येतो आणि उतरतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय लसीकरणाच्या दिवशी तिचा खाडा व्हायचा. तिनं नकार दिलाच नव्हता. मी ‘नकार’ खोडलं आणि लिहिलं, ‘माहिती मिळाली नाही, वेळ सोयीची नाही’. पहिल्या शब्दावर उपाय नसतो. दुसऱ्यावर असतो.

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीत गोवर पसरला, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण सापडले. मुलं दगावली. तेव्हा सरसकट बोललं गेलं, “हे लोक लस घेत नाहीत.” अफवांमुळे काही घरांनी दारं लावली, हे खरं आहे. ते आपण मान्य केलं पाहिजे. पण दाटीची वस्ती, कुपोषण, कामासाठी गावोगाव फिरणारी कुटुंबं, कोविडच्या काळात चुकलेले डोस, हेही तितकंच खरं आहे.

आता थोडं गणित. एखाद्या वस्तीत 200 मुलं आहेत, 170 जणांनी लस घेतली. म्हणजे 85 टक्के. परीक्षेत एवढे पडले तर आपण पेढे वाटतो. गोवरापुढे मात्र हे नापास. त्याचा एक रुग्ण लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो, म्हणून दोन्ही डोस 95 टक्के मुलांना मिळायला हवेत. त्यात उरलेली 30 मुलं एकाच गल्लीत असली तर?

जबरदस्तीनं हे होत नाही. 1897 च्या प्लेगमध्ये रँडच्या हुकमानं पुण्यात सोल्जर घरात घुसले, हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच. लोकांनी रुग्ण लपवले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला गेल्या. एकीकडे भीती होती, दुसरीकडे भरवसा. पाचवा विषय मला तिथे समजला.

गोवंडीला लागूनच, देवनारला, टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यासाठी डॉक्टर असावंच लागतं असं नाही. तुमच्यातल्या काहींनी, विशेषतः मुलींनी, तिकडे जावं. ज्या दारात परक्याला बाहेरूनच बोलावं लागतं, तिथे तुम्हाला आतून चहा येतो.

आणि शिकायला गेला नाहीत तरी एक काम आजच करा. आपल्या गल्लीत पाच वर्षांखालची मुलं किती, ते मोजा. नऊ महिन्यांनंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा, असे गोवराचे दोन्ही डोस कुणाचे झाले नाहीत, ते कार्डावर बघा. झाले नसतील तर कारण विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. मग आशाताईंना गाठा. ‘नकार’ हा शब्द मात्र शेवटी लिहा.