गणवेशाचे कापड : कात्री लागण्यापूर्वी

(शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांसाठी केलेले भाषण)

डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने मोफत गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली. समितीने कापड घेऊन गावातील शिंप्याकडून गणवेश शिवून घ्यावयाचे ठरविल्यास दुकानात भावाआधी पन्हा विचारावा. ५८ इंची पन्ह्याच्या एका मीटरात ३६ इंचीपेक्षा दीडपटीहून अधिक कापड असते. किती मीटर लागेल हे शिंप्यानेच सांगावे, दुकानदाराने नव्हे.

खरा प्रश्न आटण्याचा आहे. विणताना सुती धागे ताणले जातात. पाण्यात पडताच ते सैल होऊन आखडतात. उभ्या धाग्यांवर ताण अधिक, म्हणून कापड बहुधा लांबीत जास्त आटते. शेकडा पाच आटणाऱ्या कापडाची ८० सेंटिमीटरची विजार पहिल्या धुण्यातच ४ सेंटिमीटरने वर चढते. टेरिकॉट कमी आटते, परंतु उन्हाळ्यात सुतीचे सुख त्यात नाही. यास्तव एक तुकडा मोजून रात्रभर भिजवावा आणि वाळल्यावर पुन्हा मोजावा. तो आटल्यास सर्व कापड भिजवून, वाळवून मगच बेतावे. ‘आटणार नाही’ या दुकानदाराच्या शब्दापेक्षा बादलीभर पाणी अधिक विश्वासार्ह!

माप मात्र इयत्तेवरून ठरवू नये. एकाच वर्गातील दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर असते. शिंप्याने शाळेत येऊन प्रत्येकाच्या अंगावरच माप घ्यावे. शिवणीत राखलेल्या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. वाढत्या मुलांसाठी ती कमरेला व मोहरीला सढळ ठेवावयास सांगावे, म्हणजे दिवाळीनंतर शिवण उसवून तोच गणवेश मुलाला पुरा पडेल.